'तो' म्हणजे नेमका कोण?

"तो आला, त्याने ते तिथे ठेवले आणि तिला काही न सांगता तो पुन्हा तिकडे निघून गेला."

विद्यार्थी मित्रांनो, वरील वाक्य एकदा नीट वाचा. त्यात अवघड शब्द एकही नाही. व्याकरणाची चूक नाही. चौथीतल्या मुलालाही ते अडखळल्याशिवाय वाचता येईल. आणि तरीही ते वाचून तुम्हांला काय कळले? कोण आला, काय ठेवले, कोठे ठेवले, कोणाला सांगितले नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तुम्ही देऊ शकणार नाही.

आता असे समजा, की तुम्ही एका घराच्या ओसरीवर बसला आहात. पोस्टमन येतो, एक पार्सल कोनाड्यात ठेवतो, आत काम करीत असलेल्या आजींना हाक न मारताच वळतो आणि नाक्याकडे चालू लागतो. तुमच्या शेजारी बसलेला मित्र नेमके हेच वाक्य उच्चारतो. या वेळी मात्र तुम्हांला सारे काही लख्ख समजते. शब्द तेच, क्रम तोच. मग मघाशी नसलेला अर्थ आता आला कोठून?

मी पदार्थविज्ञान शिकवतो; व्याकरण हा काही माझा प्रांत नव्हे. पण ज्याला रोज फळ्यावर अक्ष आखून मगच गणित सुरू करावे लागते, त्याला या प्रश्नाचे उत्तर ओळखीचे वाटते. रस्त्याकडेच्या दगडावर नुसते '५ कि. मी.' असे लिहिले आणि कोणत्या गावापासून, हे लिहिले नाही, तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. वरच्या वाक्यातील 'तो', 'ते', 'तिथे' हे शब्द असेच आहेत. ते स्वतः काही सांगत नाहीत, केवळ बोट दाखवतात. आणि बोट कोठून दाखवले आहे ते ठाऊक नसेल, तर त्या बोटाचा उपयोग नाही. शब्द वस्तूकडे असे बोट दाखवतो, त्याला आपण 'निर्देश' म्हणू. गणितात तुम्ही 'निर्देशक भूमिती' शिकता आणि व्याकरणात 'दर्शक सर्वनामे' शिकता. ही नावे ठेवणाऱ्यांनी एकमेकांशी सल्लामसलत केली नसेल, पण दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे.

दारावरची थाप

सर्वनामाची व्याख्या तुम्हांला पाठ असेल: नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम. मराठीत मूळ सर्वनामे अवघी नऊ सांगतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण आणि स्वतः. आता ही व्याख्या 'मी'ला लावून पाहू. रात्री दारावर थाप पडते. तुम्ही विचारता, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येते, "मी!" हे उत्तर जगातला कोणताही माणूस देऊ शकतो आणि प्रत्येकाच्या तोंडी ते खरेच असते. तुम्ही दार उघडता, ते त्या शब्दामुळे नव्हे, तर आवाज ओळखल्यामुळे. बाहेरचा माणूस 'मी' न म्हणता 'प्रकाश' म्हणाला असता, तर त्याने काही माहिती दिली असती. म्हणजे 'मी' हा 'प्रकाश'च्या जागी आलेला बदली कामगार नव्हे. 'जो आत्ता बोलत आहे तो' एवढाच त्याचा नियम. नियम सर्वांना एकच, पण निर्देश मात्र प्रत्येक तोंडागणिक निराळा. लहान मुले बोलू लागतात, तेव्हा त्यांतली काही 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करतात, यात नवल नाही. आई बाळाला 'तू' म्हणते, म्हणून बाळही स्वतःला 'तू' म्हणते. 'कप' नेहमी कपच असतो. 'तू' मात्र बोलणारा बदलला की बदलतो, हे ध्यानात येणे ही लहान वयातली मोठीच मजल आहे.

'इथे', 'आत्ता', 'आज', 'उद्या' हे शब्द याच जातीचे. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तुम्ही पाहिली असेल. पाटीवरचे 'आज' हे पाटी रंगवली त्या दिवसाकडे बोट दाखवीत नाही, तर ती वाचली जाते त्या दिवसाकडे दाखवते. म्हणून गिऱ्हाईक कधीही आले तरी आजच असतो, आणि उधारीचा दिवस एक दिवस पुढेच राहतो. याच्या उलट तऱ्हा बंद दुकानावरच्या चिठ्ठीची: 'दहा मिनिटांत येतो.' येथे दहा मिनिटे मोजायची ती चिठ्ठी लावली तेव्हापासून, पण ती वेळ चिठ्ठीवर नाही. बिचारे गिऱ्हाईक आपण आलो त्या क्षणापासून मोजते आणि ताटकळते. प्रयोगवहीत तारीख आणि वेळ टाका, असे शिक्षक का बजावतात, ते यावरून कळावे.

'परवा' हा शब्द तर मला फार आवडतो. तो मागेही दोन दिवस जातो आणि पुढेही. 'परवा गेलो' म्हटले की उणे दोन, 'परवा जाईन' म्हटले की अधिक दोन. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर 'परवा' हे आजपासूनचे केवळ अंतर आहे. त्याचे चिन्ह क्रियापद पुरवते. हिंदीतील 'कल'ची हीच कथा, अंतर मात्र एक दिवसाचे.

आणि मराठीत असे एक सूक्ष्म हत्यार आहे, जे इंग्रजीत नाही, प्रमाण हिंदीत नाही आणि संस्कृतातही नव्हते. 'आम्ही सहलीला जाणार आहोत' आणि 'आपण सहलीला जाणार आहोत' ही दोन वाक्ये घ्या. दोन्हींत बोलणारा आहे आणि आणखी काही माणसे आहेत. फरक इतकाच, की ऐकणारा त्या संचात आहे की नाही. मधल्या सुट्टीत एखाद्या मुलासमोर चौघे जण 'आम्ही' म्हणाले की त्याचा चेहरा उतरतो, आणि 'आपण' म्हणाले की खुलतो. गुजरातीत हा भेद आहे. तमिळ आणि तेलुगू या द्राविडी भाषांतही आहे. संस्कृतात नसलेला हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजी 'वुई' ऐकून, आपण आत आहोत की बाहेर, हे इंग्रज मुलाला संदर्भावरून ताडावे लागते.

कोणाचा डावा?

बोट दाखवण्याची जागा चुकली तर काय होते? फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलाचा उजवा हात खिडकीकडे असेल, तर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचा डावा हात खिडकीकडे असतो. वर्गात यावरून थोडा हशा होईल इतकेच. पण शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ ही हसण्याची गोष्ट नाही. म्हणून वैद्यकात दंडक आहे, की 'डावा' म्हणजे नेहमी रोग्याचा डावा, पाहणाऱ्याचा नव्हे. क्ष-किरण चित्र उलटे धरले गेले तरी घोटाळा होऊ नये म्हणून त्यावर बाजू दाखवणारे अक्षर उमटवलेले असते. एवढे करूनही भलत्याच बाजूला शस्त्रक्रिया झाल्याच्या घटना घडल्या आहेत. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी तपासायच्या गोष्टींची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात शस्त्रक्रियेच्या जागी खूण केली आहे का, हा प्रश्न आहे. कातडीवर शाईने केलेली खूण कोणत्याही बाजूने पाहिली तरी तीच राहते.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलंड प्रांतात 'गुगु यिमिथिर' नावाची एक आदिवासी भाषा आहे. तिच्यात जागा सांगताना आपल्यासारखे डावे-उजवे वापरीत नाहीत; पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या दिशाच वापरतात. म्हणजे 'तुझ्या उत्तरेकडच्या पायाजवळ मुंगी आहे' अशा धर्तीवर बोलायचे! तो माणूस वळून बसला की तोच पाय दक्षिणेकडचा होतो. ही भाषा बोलायची तर अंधाऱ्या खोलीतही उत्तर कोठे आहे याचे भान सतत ठेवावे लागते, आणि ती माणसे ते ठेवतात, असे भाषाशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहून नोंदवले आहे. आपल्याकडेही शेताची हद्द सांगताना 'उगवतीचा बांध', 'मावळतीचा बांध' म्हणतात, 'उजवा बांध' म्हणत नाहीत. कारण कज्जा कोर्टात गेला, तर उजवा बांध कोणाचा उजवा, हे कोण सांगणार?

कांगारूची गोष्ट

याच गुगु यिमिथिर भाषेने जगाला एक शब्द दिला आहे. १७७० साली कॅप्टन कुकचे 'एन्डेव्हर' हे जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले आणि दुरुस्तीसाठी एका नदीच्या मुखाशी थांबले. तेथे उड्या मारीत चालणारा एक विलक्षण प्राणी खलाशांना दिसला. त्यांनी स्थानिक लोकांना नाव विचारले, आणि कुक व त्याचा सोबती जोसेफ बँक्स यांनी ते 'कांगुरू' असे टिपून घेतले.

यानंतरची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. 'कांगारू' म्हणजे त्या भाषेत 'मला माहीत नाही', असे म्हणतात. गोष्ट चटकदार आहे, पण खोटी आहे. मात्र ती खोटी ठरवायला दोनशे वर्षे लागली, आणि का लागली ते पाहण्यासारखे आहे. १७८८ मध्ये इंग्रज सिडनीला उतरले आणि त्यांनी तेथील लोकांपुढे हाच शब्द उच्चारला. पण सिडनी त्या नदीपासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. तेथली भाषाच निराळी. त्या लोकांना वाटले, की हा इंग्रजांचाच कुठल्याशा जनावराला शब्द दिसतो. म्हणून इंग्रजांची गुरे पाहून 'हेच का कांगारू?' असे ते विचारू लागले! पुढे १८२० साली फिलिप पार्कर किंग हा दर्यावर्दी पुन्हा त्याच मूळ नदीवर गेला. त्याने त्याच प्राण्याचे नाव विचारले, तर त्याला 'मिन्नार' असा भलताच शब्द मिळाला. मग कुकची फसगत झाली, असे लोक म्हणू लागले.

उलगडा झाला तो १९७० च्या दशकात. जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने ती भाषा बोलणाऱ्यांमध्ये राहून अभ्यास केला. त्याला आढळले, की 'गंगुरु' हा शब्द खरोखरच आहे आणि तो एका विशिष्ट जातीच्या, मोठ्या, काळपट-करड्या कांगारूचे नाव आहे. निरनिराळ्या जातींना निरनिराळी नावे आहेत. आणि 'मिन्हा' हाही शब्द आहे. त्याचा अर्थ खाण्याजोगा प्राणी. म्हणजे दोघांनाही उत्तर बरोबरच मिळाले होते. दोघांनीही एकाच तऱ्हेच्या प्राण्याकडे बोट दाखवले होते. बोट मात्र ती जात, तो वंश, ते मांस, ती उडी, यांतले नेमके काय दाखवते आहे, हे बोटावर लिहिलेले नसते.

आपल्याकडील मीमांसकांनी आणि नैयायिकांनी या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला होता. मूल शब्द कसे शिकते? त्यांचे उदाहरण असे: एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण.' दुसरा एक जनावर घेऊन येतो. जवळ बसलेले मूल हे पाहते, पण यातला कोणता शब्द जनावराचा आणि कोणता आणण्याचा, हे त्याला एवढ्यावरून कळत नाही. मग वडील म्हणतात, 'गाय बांध', आणि 'घोडा आण'. आता 'गाय' तोच राहून क्रिया बदलली, नंतर 'आण' तोच राहून जनावर बदलले. तुम्ही प्रयोगशाळेत दाब स्थिर ठेवून तापमान बदलता आणि मग तापमान स्थिर ठेवून दाब बदलता, त्याहून ही पद्धत निराळी नाही. कुकला त्या नदीकाठी अशा वाक्यांचा अनुभव घ्यायला सवडच मिळाली नाही.

एका ग्रहाची दोन नावे, आणि एका नावाचा शून्य ग्रह

सर्वनामे राहू द्या. नावे तरी सरळ असतात काय? सूर्यास्तानंतर पश्चिमेला ठळक चांदणी दिसते आणि काही महिन्यांनी तशीच एक पहाटे पूर्वेला दिसते. प्राचीन ग्रीकांनी या दोहोंना दोन नावे दिली होती. पुढे कळले, की दोन्ही एकच, म्हणजे शुक्र. जर्मनीत येना येथे गणित शिकवणारे गॉटलोब फ्रेगे यांनी १८९२ साली एका निबंधात विचारले: दोन्ही नावे एकाच वस्तूची असतील, तर 'पहाटेची चांदणी म्हणजे संध्याकाळची चांदणी' हे वाक्य 'शुक्र म्हणजे शुक्र' याहून वेगळे कसे? एक वाक्य शोध आहे आणि दुसरे पोरकटपणा. फ्रेगे यांचे उत्तर असे, की नावाला निर्देश असतो, म्हणजे ती वस्तू. आणि शिवाय आशय असतो, म्हणजे त्या वस्तूपर्यंत पोचण्याची वाट. एकाच गावाला दोन रस्ते जातात, हे कळणे ही माहितीच आहे.

आता 'ध्रुवतारा' घ्या. ध्रुव म्हणजे अढळ. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे सुमारे ४,७०० वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळ 'थुबान' हा तारा होता, आणि आजपासून साधारण १२,००० वर्षांनी अभिजित त्या बाजूला असेल. मग तेव्हाचा ध्रुवतारा कोणता? 'ध्रुवतारा' हे आजच्या त्या ताऱ्याचे नाव मानले, तर तोच; ते पद मानले, तर अभिजित. 'मुख्याध्यापक' हे पद आहे. माणूस निवृत्त झाला तरी खुर्ची राहते. 'प्रकाश' हे नाव आहे. प्रकाश निवृत्त झाला तरी प्रकाशच. बोलताना आपण या दोहोंत फरक करीत नाही आणि बहुतेक वेळा निभावते.

ज्याचे अजून कोणी दर्शनही घेतलेले नाही, अशा वस्तूकडेही शब्द बोट दाखवू शकतो काय? फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी युरेनसच्या गतीतील गडबडीवरून एका अज्ञात ग्रहाची जागा कागदावर काढली. १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच ग्रह सापडला! तोच नेपच्यून. मग १८५९ मध्ये ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतील अशाच विसंगतीसाठी सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान असले पाहिजे, असे सांगितले. त्या कल्पित ग्रहाला 'व्हल्कन' असे नावही पडले. पाहिल्याचे दावे झाले, कक्षा मांडल्या गेल्या, १८७८ च्या सूर्यग्रहणात तो दिसल्याचे दोघांनी सांगितले. लोक भांडत होते ते 'व्हल्कन'विषयीच, आणि काय भांडतो आहोत हे त्यांना नीट समजत होते. पण तो ग्रह नव्हताच. बुधाच्या कक्षेची शतकाला ४३ विकलांची ती जादा सरक आइन्स्टाइन यांनी १९१५ साली आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून काढून दाखवली. त्यासाठी कोणताही ग्रह लागला नाही. एकच माणूस, एकच रीत, दोन शब्द. एका शब्दाच्या टोकाला ग्रह निघाला, दुसऱ्याच्या टोकाला काही नाही. शब्दाकडे कितीही टक लावून पाहिले, तरी हा फरक शब्दात दिसत नाही.

कळशी आणि पेटी

आता पुन्हा आपल्या 'तो'कडे वळू. समोर नसलेल्या, पण मागच्या वाक्यात येऊन गेलेल्या वस्तूकडेही सर्वनाम बोट दाखवते. 'हंडा पेटीत मावत नाही, कारण तो फार मोठा आहे.' येथे काम सोपे आहे. 'तो' पुल्लिंगी, म्हणून हंडा. मराठीतील तीन लिंगांना परदेशी विद्यार्थी वैतागतात, पण त्यांचा हा उपयोग आहे. तसेच, 'रमेशने सुरेशला आपली वही दिली' म्हटले, की वही रमेशची. 'त्याची वही दिली' म्हटले, की सुरेशची किंवा तिसऱ्याच कोणाची. इंग्रजीत दोन्हींसाठी 'हिज' हा एकच शब्द येतो.

पण पुढील दोन वाक्ये वाचा:

कळशी पेटीत मावत नाही, कारण ती फार मोठी आहे.
कळशी पेटीत मावत नाही, कारण ती फार लहान आहे.

दोन्ही नामे स्त्रीलिंगी, दोन्ही एकवचनी. व्याकरणाने हात टेकले. तरीही पहिल्या वाक्यात 'ती' म्हणजे कळशी आणि दुसऱ्यात 'ती' म्हणजे पेटी, हे तुम्हांला क्षणात कळले. कशावरून? मोठी वस्तू लहान वस्तूत मावत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे म्हणून. म्हणजे सर्वनामाचा उलगडा करायला तुम्ही पदार्थविज्ञान वापरलेत, आणि तेही नकळत!

संगणकाला हे जमेल का, हा प्रश्न टेरी विनोग्राड यांनी १९७२ साली अशाच एका वाक्याच्या जोडीने उपस्थित केला. २०११ साली टोरंटोचे हेक्टर लेव्हेक यांनी सुचवले, की यंत्राला खरोखर समजते का, हे पाहण्यासाठी अशा जोड्यांचीच परीक्षा घ्यावी. बरीच वर्षे यंत्रे या परीक्षेत नाणेफेकीहून फारसे बरे करीत नव्हती. मग प्रचंड मजकुरावर शिकवलेली भाषा-प्रारूपे आली, आणि २०१९ च्या सुमारास ती दहांतील नऊ वाक्ये सोडवू लागली. यावरून यंत्राला समज आली, की आधी वाचलेल्या मजकुराच्या जोरावर ते अटकळ बांधते, हा वाद चालू आहे. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि त्याला एक कारण आहे.

बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. तुर्की भाषेतही तसेच. तेथे तो शब्द 'ओ' असा आहे. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखात संशोधकांनी एक उदाहरण दिले. 'ओ डॉक्टर आहे', 'ओ परिचारिका आहे' अशा अर्थाची दोन तुर्की वाक्ये यंत्राला इंग्रजीत भाषांतर करायला दिली. उत्तर आले: 'तो डॉक्टर आहे', 'ती परिचारिका आहे'. मूळ वाक्यांत स्त्री-पुरुषाचा उल्लेखच नव्हता. यंत्राने वाचलेल्या मजकुरात डॉक्टर बहुधा पुरुष होते, म्हणून त्याने बोट तिकडे वळवले.

यंत्राला हसू नका. याच चालीने एकदा उच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात जिकडे तिकडे 'ही' म्हणजे 'तो' असतो. या 'तो'मध्ये स्त्री येते की नाही, याविषयी वाद होऊ नये म्हणून 'जनरल क्लॉजेस ॲक्ट' या १८६८ च्या कायद्यातच नियम घातला होता, आणि १८९७ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात तो पुन्हा आला: संदर्भाला बाध येत नसेल, तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. १९१६ साली रेजिना गुहा या एम. ए., बी. एल. झालेल्या विदुषीने वकील म्हणून नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला. १८७९ च्या वकिलांच्या कायद्यात पात्र 'व्यक्तीं'ना नोंदणी मिळेल, असे होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. कायदा झाला त्या काळी वकिली पुरुषच करीत. तेव्हा त्यातील शब्द पुरुषांकडेच निर्देश करतात, असा त्याचा मथितार्थ. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही हेच उत्तर मिळाले. आणि त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची वकील म्हणून नोंद केली. त्या १८९२ सालीच ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या होत्या. मधली २९ वर्षे अशी गेली. अखेर १९२३ साली केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, असा स्वतंत्र कायदाच करावा लागला.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ८ वे कलम चक्क एका सर्वनामाची व्याख्या होते: 'तो' हे सर्वनाम स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरले आहे, अशा अर्थाची. म्हणजे गुन्हा करून तुरुंगात जायचे असेल, तर 'तो'मध्ये स्त्री १८६० पासून निःसंशय होती. वकिलाचा झगा घालून त्याच कोर्टात उभे राहायचे असेल, तर ती १९२३ पर्यंत वादात होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या २ ऱ्या कलमात या सर्वनामाची व्याख्या पुन्हा दिली असून, आता तीत स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख आहे.